घाटांतील समीकरण

बिंदु व चढ दिला असतां रेषेचें समीकरण मांडण्याचें सूत्र मुलांकडून नुसतें घोकून घेऊं नये, असें आमचें मत आहे. मलकापुराहून मुंबईस जातांना १८६५ सालीं खुला झालेला इगतपुरी-कसारा घाट लागतो. तेथील लोहमार्गाचा कमाल चढ ३७ फुटांस १ फूट. पण नुसत्या चढावरून गाडीची उंची कळेल काय? तशा समांतर रेषा अगणित! एका ठिकाणाची उंची मिळतांच त्यांतली एकच उरते. तेथून त्याच चढानें ३७० फूट पुढें गेल्यास १० फूट मिळवावे. ज्ञात बिंदु (अ, ब) व चढ म घेतल्यास ‘य − ब = म (क्ष − अ)’ हें सूत्र याहून अधिक सांगत नाहीं. अ ऋण ३ असला कीं मुलें क्ष − ३ लिहून गुण गमावतात. ज्ञात ठिकाण आरंभबिंदूच्या तीन फूट मागें आहे हें अंगणांत रेघ ओढून दाखविलें, तर क्ष + ३ आपोआप सुचतें.