शिरांचा नकाशा आणि पेसमेकरची तार

१/१३
पेसमेकरचा इतिहास बहुधा बॅटरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. यंत्राचा स्पंद हृदयापर्यंत नेणारी तार आणि ती तार जिच्यातून जाते ती शीर, यांना त्या कथेत क्वचितच जागा मिळते. ही उपेक्षा संपायला हवी. शीर आधी पाहावी की अंदाजाने टोचावी, हा प्रश्न आजही रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे.
#थ्रेड #वैद्यकाचा_इतिहास

२/१३
राँटगेनने क्ष-किरणांचा शोध १८९५च्या अखेरीस जाहीर केला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेन्थाल यांनी मृत हातात क्ष-किरण अडवणारे मिश्रण भरून त्यातील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. शरीरातील वाटा प्रथमच न चिरता दिसल्या.

३/१३
१९२९. जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या कोपराजवळील शिरेतून ६५ सेंटीमीटर नळी आत सरकवली आणि तो क्ष-किरण कक्षात चालत गेला. नळीचे टोक उजव्या अलिंदात होते. धाडस असामान्य होतेच. पण त्याला प्रमाण ठरवले ते चित्राने.

४/१३
१९३१ मध्ये फोर्समानने हृदयाच्या पोकळ्यांत क्ष-किरणरोधी द्रव सोडून चित्र घेण्याच्या प्रयोगांविषयी लिहिले. म्हणजे वाट चालणे आणि वाट पाहणे, ही दोन्ही स्वप्ने एकाच माणसाची होती. १९५६ मध्ये कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांच्यासह त्याला नोबेल मिळाले.

५/१३
१९५८ या एकाच वर्षी दोन वाटा समोर आल्या. स्वीडनमध्ये सेनिंग यांनी छाती उघडून, एल्मक्विस्ट यांनी बनवलेले यंत्र आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवले. न्यूयॉर्कमध्ये सिमूर फर्मन यांनी छाती न उघडता शिरेवाटे तार हृदयात पोहोचवली. त्यांचे यंत्र मात्र शरीराबाहेर होते. पुढे रूढ झाली ती शिरेची वाट.

६/१३
प्रारंभी शल्यवैद्य खांद्याजवळची सेफॅलिक शीर कापून, डोळ्यांनी पाहून तार आत घालत. १९७९ मध्ये लिटलफर्ड यांनी सुईने शीर टोचून तार घालण्याचे सुलभ साधन पुढे आणले. काम झटपट होऊ लागले. पण आता शीर डोळ्यांआड होती. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खुणेवरून सुई चालवायची आणि हाताच्या सरावावर भिस्त ठेवायची.

७/१३
या वेगाची किंमत होती. त्या शिरेलगत फुफ्फुसाचे टोक असते. सुई तिथे शिरली तर छातीत हवा साठून फुफ्फुस आक्रसते. शिवाय आडवे हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात सापडलेली तार वर्षानुवर्षे दबत राहते. तिचे आवरण फाटते, कधी तारच तुटते.

८/१३
उपाय साधा होता. त्याच बाजूच्या हातातील शिरेत थोडा कॉन्ट्रास्ट द्रव सोडायचा. काही क्षणांतच पडद्यावर काखेपासून छातीपर्यंतची वाट उमटते. मग बरगडीच्या बाहेरच्या बाजूला, काखेतील शिरेवरच नेम धरता येतो. जुन्या तारांमुळे शीर बुजली असेल, तर तेही सुई टोचण्यापूर्वीच कळते.

९/१३
काही वेळा नकाशाच वेगळा निघतो. हजारात तीन ते पाच माणसांत, गर्भावस्थेत लोप पावणारी डावी महाशीर टिकून राहते. आधी चित्र घेतले नसेल, तर तार मणक्याच्या भलत्याच बाजूने उतरू लागल्यावर डॉक्टर चकित होतात.

१०/१३
या महाशिरेच्या गर्भावस्थेतील विकासाचा उलगडा इंग्लंडच्या जॉन मार्शल यांनी १८५० मध्ये केला. बहुतेकांच्या हृदयावर तिचा उरलेला अवशेष आजही ‘मार्शलची शीर’ म्हणून ओळखला जातो. शवविच्छेदनगृहातील ते ज्ञान दीड शतकानंतर जिवंत रुग्णाच्या पडद्यावर कामी येते.

११/१३
१९९८ मध्ये फ्रान्सच्या दोबेर आणि सहकाऱ्यांनी शिरेवाटेच डाव्या निलयापर्यंत तार नेण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. येथे चित्राला पर्याय उरत नाही. कोरोनरी सायनसमध्ये फुगा फुगवून प्रवाह थोपवायचा, द्रव सोडायचा, उपशिरा पाहायच्या आणि डाव्या निलयाच्या बाजूच्या भिंतीवरील सोयीची शीर निवडायची. निवड चुकली तर उपचार निष्फळ ठरू शकतो, किंवा जवळच्या मज्जातंतूला धक्के बसून श्वासपटल उचक्यांसारखे उडते. या सायनसच्या तोंडावरील झडपेला नाव आहे थेबेसियस यांचे, ज्यांचा प्रबंध १७०८चा आहे!

१२/१३
आक्षेपही रास्त आहेत. कॉन्ट्रास्टमुळे दुबळ्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, काहींना त्याची ॲलर्जी असते. निष्णात हातांना सेफॅलिक शीर उघडून त्याशिवायही काम साधते. पण हे आक्षेप एका द्रवावरचे आहेत, पाहण्यावरचे नव्हेत. शीर उघडणे हेही पाहणेच. आणि आता अल्ट्रासाऊंडने द्रवाशिवाय, किरणांशिवायही शीर दिसते.

१३/१३
म्हणून अंदाजाने टोचणे हा कौशल्याचा दाखला मानण्याचे दिवस सरले पाहिजेत. फोर्समानने स्वतःच्या हृदयावरही चित्राशिवाय विश्वास ठेवला नाही. परक्याच्या छातीत सुई घालणाऱ्याने तेवढी सावधगिरी बाळगावी, ही अपेक्षा मुळीच मोठी नाही.