किताब गेले, जमीन राहिली

फेब्रुवारी २०११ मध्ये स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांनी पेरूचे कादंबरीकार मारिओ व्हार्गास ल्योसा यांना ‘मार्क्विस’ हा उमरावी किताब बहाल केला. आदल्याच वर्षी त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९९० साली त्यांनी पेरूच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली होती व तीत पराभव पत्करला होता. १९९३ पासून ते स्पेनचेही नागरिक होते. एका थोर लेखकाचा सन्मान झाला, त्यात कोणाचे काय बिघडले, असे अशा प्रसंगी म्हटले जाते. लेखकाच्या थोरवीविषयी येथे वाद नाही. परंतु नोबेल पारितोषिक मुलाकडे जात नाही, मार्क्विसपद जाते. एप्रिल २०२५ मध्ये व्हार्गास ल्योसा निवर्तले; त्यांनी एकही ओळ लिहिली नसती तरी चालले असते अशा थाटात तो किताब त्यांच्या घराण्यात पुढे चालू शकतो. ज्या देशाने दोन शतकांपूर्वी असे किताब कायद्याने मोडीत काढले, त्या देशाच्या सुपुत्राला पूर्वीच्या धन्याच्या वारसाकडून किताब स्वीकारताना कोणताही संकोच वाटू नये, ही गोष्ट व्यक्तीच्या स्वभावाने उलगडणारी नाही. तिच्यासाठी पेरूमधील उमरावशाही कशी जन्मली आणि कशी ‘संपली’ हे पाहावे लागते.

पेरूचा पहिला मार्क्विस म्हणजे फ्रान्सिस्को पिसारो. नोव्हेंबर १५३२ मध्ये काहामार्का येथे त्याने इंका सम्राट आताह्वाल्पाला दग्याने कैद केले, खंडणीदाखल खोली भरून सोने आणि त्याहून अधिक चांदी घेतली, आणि खंडणी पदरात पडल्यावर १५३३ मध्ये त्याला ठार केले. या कर्तबगारीबद्दल सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३७ मध्ये त्याला मार्क्विस केले. पुढे १६३१ मध्ये पिसारोच्या पणतूला जो किताब मिळाला, त्याचे नावच ‘ला कोंकीस्ता’चा, म्हणजे ‘जिंकून घेतल्याचा’, मार्क्विस असे आहे. दरोड्याला इतक्या सरळपणे दरोडा म्हणणारी सनद क्वचितच आढळेल! स्पेनने २०२२ च्या कायद्याने फ्रँकोच्या हुकूमशाहीशी निगडित असे ३३ किताब रद्द केले. ‘जिंकून घेतल्याचा’ किताब त्या यादीत नव्हता.

तलवारीच्या बळावर मिळालेले किताब थोडे होते. बहुतेक किताब विकत घेतलेले होते. युरोपातील युद्धांनी स्पेनचा खजिना रिकामा झाला की राजदरबार कोऱ्या सनदा व्हाइसरॉयांकडे वा मठांकडे पाठवून देई आणि ते गिऱ्हाईक शोधून त्या विकीत. लिमाचे व्यापारी, खाणमालक, सरकारी अधिकारी आणि मळेवाले हे ते गिऱ्हाईक. स्पेनच्या अमेरिकेतील सर्व प्रांतांत किताबधाऱ्यांची सर्वांत दाट वस्ती लिमातच झाली. किताबावर वार्षिक कर होता. त्याचे नाव ‘लान्सास’, म्हणजे भाले. मूळ कल्पना अशी की उमरावाने राजासाठी भालाईत घेऊन रणांगणात उतरावे. प्रत्यक्षात तो रोख रक्कम भरून घरी बसे. १७९५ मध्ये तर दरबाराने वसाहतींसाठी छापील दरपत्रकच काढले. त्यात आफ्रिकी वंशाच्या ‘पार्दो’ माणसाला आपला ‘डाग’ पुसून घेण्यासाठी ५०० रेआल आणि ‘किंतेरोन’ला ८०० रेआल असा भाव होता. रक्ताची शुद्धता ही ईश्वरदत्त असल्याचे सांगणारी व्यवस्था ती शुद्धता बाजारभावाने विकत होती.

हा पैसा आला कोठून? पोतोसीच्या चांदीच्या खाणींतून, जेथे ‘मिता’ या वेठीच्या पद्धतीने डोंगराळ प्रांतांतील दर सात प्रौढ पुरुषांमागे एकाला पाळीने खाणीत उतरावे लागे. (ती चांदी समुद्र ओलांडून सुरतेच्या टांकसाळीतही पोचली आणि तिचे रुपये झाले, आपल्याकडच्या सावकारांनी मोजलेल्या काही नाण्यांवर अँडीजमधल्या वेठबिगाराचा घाम होता.) किनाऱ्यावरच्या ऊसमळ्यांतून आणि द्राक्षमळ्यांतूनही तो आला, जेथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. हे धन वाटण्या होऊन विखरू नये म्हणून ‘मायोरास्गो’ची सोय होती: मिळकत विकायची नाही, विभागायची नाही, ज्येष्ठ वारसाकडे अखंड जाऊ द्यायची. वतन आणि वतनदाराचे बिरुद यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही जोडी समजावून सांगण्याची गरज नाही. किताब ही पाटी होती, मायोरास्गो हे घर होते.

या उमरावशाहीत इंकांच्या वंशजांना जागा नव्हती असे मात्र नव्हे. जागा होती, आणि तिचा इतिहास फार बोलका आहे. १५७२ मध्ये इंकांचा शेवटचा प्रतिकार मोडून पहिल्या तुपाक आमारूला पकडणारा कप्तान मार्तीन गार्सिया दे लोयोला याला बक्षिसादाखल इंका राजकन्या बेआत्रिस क्लारा कोया हिचा हात देण्यात आला. ती सायरी तुपाक या इंकाची मुलगी आणि युकाय खोऱ्यातील मोठ्या जहागिरीची वारसदार होती. या दांपत्याची कन्या आना मारिया हिला १६१४ मध्ये राजाने ‘ओरोपेसा’ची मार्क्विस केले. अशा रीतीने इंकांचीच जमीन, इंकांच्याच नातीला, स्पेनच्या राजाने ‘दान’ केली! ती स्पेनमध्ये उमराव घराण्यात वाढली आणि जहागीर तिच्या वंशजांकडे गेली. अठराव्या शतकात तो वंश खुंटला आणि ओरोपेसाचे पद रिकामे झाले.

या रिकाम्या पदावर हक्क सांगणाऱ्यांत होसे गाब्रिएल कोंदोर्कांकी हा एक होता. तो तुंगासुका, पाम्पामार्का व सुरिमाना या गावांचा कुराका, म्हणजे पिढीजात स्थानिक प्रमुख; खेचरांच्या तांड्यांवर मालवाहतूक हा त्याचा धंदा. १७७० च्या दशकात तो लिमाला जाऊन राहिला. तुपाक आमारूचा खरा वंशज कोण, याबद्दल कूस्कोच्या बेतान्कूर कुटुंबाशी त्याचा न्यायालयात दावा चालला होता, आणि आपल्या लोकांना मितातून सूट मिळावी म्हणूनही तो अर्ज करीत होता. न्यायालयाने कालहरण केले, अर्ज फेटाळला गेला. तो परतला, नोव्हेंबर १७८० मध्ये त्याने जुलमी अधिकारी अंतोनियो दे आरियागा याला पकडून फाशी दिले आणि अँडीजमध्ये वणवा पेटला. जो मार्क्विस होऊ पाहत होता तो दुसरा तुपाक आमारू झाला.

येथे भाबडेपणा टाळला पाहिजे. कुराका हा काही सर्वहारा नव्हता. राजासाठी खंडणी गोळा करणारा, वेठीची माणसे पुरवणारा मध्यस्थ तोच होता. कूस्कोच्या कित्येक इंका उमरावांनी बंडाविरुद्ध शस्त्र धरले. चिंचेरोचा कुराका मातेओ पुमाकावा हा त्यांचा अग्रणी, आणि राजनिष्ठेबद्दल त्याला मानमरातबही मिळाले. त्याच पुमाकावाने १८१४ मध्ये म्हातारपणी स्वतः बंड केले आणि १८१५ मध्ये त्याचाही शिरच्छेद झाला. देशी उमरावाला राज्यकर्त्यांच्या पंगतीत पाट मिळतो तो गरज असेपर्यंतच.

१८ मे १७८१ रोजी कूस्कोच्या चौकात तुपाक आमारूला, पत्नी मिकाएला बास्तिदास आणि इतर सहकाऱ्यांचा वध पाहायला लावून, मग ठार करण्यात आले. शिक्षेच्या फर्मानात पुढे जे होते ते अभ्यासण्यासारखे आहे: इंकांचा पोशाख बंद, त्यांची चित्रे नष्ट करावीत, सहीपुढे ‘इंका’ लिहिण्यास मनाई, कुराकांची वंशपरंपरा संपुष्टात. किताबात काय शक्ती असते ते राज्यकर्त्यांना बरोबर समजले होते. म्हणून लिमाच्या मार्क्विसांचे किताब विकले जात असताना कूस्कोच्या इंकाचे नाव मात्र पुसले गेले.

चाळीस वर्षांनी स्वातंत्र्य आले. २८ जुलै १८२१ रोजी होसे दे सान मार्तीन यांनी लिमात स्वातंत्र्याची घोषणा केली. त्यांच्या सरकारने ऑगस्टमध्ये आदिवासींवरील खंडणी रद्द केली आणि गुलामांची यापुढे जन्मणारी मुले स्वतंत्र ठरवली. ही श्रेयाची बाजू. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘सूर्याचा मानसंघ’ स्थापन झाला, आणि डिसेंबरात फर्मान निघाले की यापुढे ‘कास्तीलचे किताब’ हे ‘पेरूचे किताब’ म्हणून ओळखले जावेत. राजा गेला, मार्क्विस तेच. फक्त शिक्का बदलला. युरोपातून एखादा राजपुत्र आणून पेरूच्या गादीवर बसवण्यासाठी दूतही रवाना झाले होते!

या नव्या व्यवस्थेचा प्रातिनिधिक पुरुष म्हणजे तोर्रे ताग्लेचा मार्क्विस. त्रुहियोचा अधिकारी असताना डिसेंबर १८२० मध्ये त्याने स्वातंत्र्याची बाजू घेतली, आणि १८२३ मध्ये तो प्रजासत्ताकाचा अध्यक्षही झाला. १८२४ मध्ये वारे उलटे फिरताच तो पुन्हा स्पेनच्या सैन्याच्या आश्रयाला गेला आणि १८२५ मध्ये वेढा पडलेल्या कायाओच्या किल्ल्यात रोगाने मरण पावला. त्याला निव्वळ गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो आपल्या वर्गाशी शेवटपर्यंत प्रामाणिक होता. ज्या झेंड्याखाली मळे सुरक्षित, तो त्याचा झेंडा. त्याचा वाडा आज पेरूच्या परराष्ट्र मंत्रालयाचे मुख्य ठाणे आहे.

१८२३ च्या राज्यघटनेने वंशपरंपरागत विशेषाधिकार संपवले. १८२८ च्या घटनेने मायोरास्गोलाही मनाई केली. पाठ्यपुस्तकांत येथे समतेचा अध्याय पूर्ण होतो. पण मायोरास्गो मोडला म्हणजे काय झाले? जमीन विकण्याची मोकळीक मालकाला मिळाली. कुळाला किंवा गुलामाला त्यातली वीतभरही मिळाली नाही. दुसरीकडे सिमोन बोलिव्हार यांनी एप्रिल १८२४ मध्ये सामुदायिक जमिनी व्यक्तिशः वाटून देण्याचे फर्मान काढले आणि ४ जुलै १८२५ रोजी कूस्कोमध्ये कुराकांचे पद व अधिकार रद्द केले. हेतू उदारमतवादी असेल. परिणाम असा की गावाच्या जमिनीला असलेली सामुदायिकतेची ढाल आणि गावाच्या वतीने भांडू शकणारा माणूस, दोन्ही एकदमच गेले, आणि शेजारच्या मळेवाल्याला रान मोकळे झाले. मार्क्विसचा किताब गेला तेव्हा त्याच्यामागची मिळकत शाबूत राहिली. कुराकाचा किताब गेला तेव्हा मागची जमीनही निसटू लागली. एकच समता दोघांना लावली गेली आणि दोघांच्या पदरात वेगवेगळे माप पडले. १८२६ मध्ये खंडणीही ‘वर्गणी’ हे सभ्य नाव घेऊन परतली. ती आणि गुलामगिरी संपायला १८५४ साल उजाडावे लागले. तेव्हाही नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांच्या मालकांना, दर डोई ३०० पेसो या दराने. मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच आले नाही.

किताबाविना उमरावशाही कशी चालते, याचा पुढचा काळ हा उत्तम पाठ आहे. १८९६ च्या निवडणूक कायद्याने निरक्षरांचा मताधिकार काढून घेतला. केचुआ बोलणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांना हा नागरिकत्वाचा ‘किताब’ १९८० च्या निवडणुकीपर्यंत नाकारला गेला. इतिहासकार होर्हे बासाद्रे यांनी १८९५ ते १९१९ या कालखंडाला ‘उमरावी प्रजासत्ताक’ म्हटले ते उगाच नव्हे. १९२८ मध्ये होसे कार्लोस मारियातेगी यांनी आपल्या निबंधांत ठामपणे मांडले की आदिवासींचा प्रश्न हा शिक्षणाचा किंवा नीतीचा नसून जमिनीचा आहे. तो प्रश्न कूस्कोजवळच्या ला कोन्व्हेन्सियोन खोऱ्यातील कुळांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी वेठ नाकारून ऐरणीवर आणला. अखेर २४ जून १९६९ रोजी जनरल हुआन व्हेलास्को यांच्या लष्करी राजवटीने जमीन सुधारणा कायदा जारी केला. पुढील दशकात सुमारे ९० लाख हेक्टर जमीन मोठ्या मालकांच्या हातून गेली. तुपाक आमारूचा चेहरा सरकारी भित्तिपत्रकांवर झळकला.

लष्कराने वरून लादलेली समता म्हणून या सुधारणेवर बोट ठेवता येते, आणि ठेवलेही पाहिजे: सहकारी मळ्यांवर अधिकाऱ्यांचा वरचष्मा राहिला, डोंगरातील अनेक गावांना जमीन मिळालीच नाही. तरीही १८२३ ने जे केले नाही ते १९६९ ने केले. म्हणूनच १८२३ चे गोडवे सर्वच गातात आणि १९६९ चे नाव काढताच लिमाच्या सुखवस्तू घरांत आजही कपाळाला आठी पडते.

१९९५ च्या जमीन कायद्याने मालकीवरील कमाल मर्यादा उठवली. किनाऱ्यावर पुन्हा हजारो हेक्टरांचे मळे उभे राहिले. मालक आता कंपन्या आहेत, माल द्राक्षे आणि शतावरीचा, गिऱ्हाईक परदेशी. एके काळी गुलामांच्या श्रमावर द्राक्षमळे पोसणाऱ्या इका प्रांतात नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस शेतमजुरांनी महामार्ग अडवला. दिवसाला ७० सोल मजुरी आणि कंपन्यांना सवलती देणारा २००० सालचा कायदा रद्द करा, एवढीच त्यांची मागणी होती. पाच दिवसांत संसदेने तो कायदा मागे घेतला. वर्षअखेरीस नवा कायदा आला. त्यात ७० सोल नव्हते, किमान वेतनाच्या ३० टक्के इतका विशेष भत्ता होता. मजूर पुन्हा रस्त्यावर उतरले.