सगळ्यांत मागे कोण आहे?

पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे राजगडाच्या पायथ्याला, गुंजवणे गावात बसगाड्यांची रांग लागते. एकेका गाडीतून तीस-चाळीस माणसे उतरतात. पाठीवर सॅक, पायांत नवे बूट. म्होरक्या हजेरी घेतो, तीही आकड्यांनी : एक, दोन, तीन... मागे एकदा ती ऐकताना मनात आले, पस्तिसावा माणूस कोण हे चौतिसाव्याला तरी ठाऊक असेल का?

१९८४च्या श्रावणात आम्ही बँकेतले सहाजण याच गडावर गेलो होतो. शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम उरकून एस.टी. गाठली. एकाच्या हॅवरसॅकमध्ये तांदूळ, दुसऱ्याकडे स्टोव्ह, तिसऱ्याकडे रॉकेल; म्हणजे भात शिजायचा तर सगळ्यांनी एकत्र पोहोचणे भाग होते. बालेकिल्ल्याच्या चढणीखाली आमच्या रोखपालाचा पाय मुरगळला. ‘तुम्ही जाऊन या,’ असे तो परोपरीने सांगत होता. कुणी गेले नाही. चोरदरवाजाची वाट टाळून पाली दरवाजाने त्याला आधार देत उतरवले. बालेकिल्ला त्या खेपेला राहिला.

बँकेत कर्जदाराला जामीनदार लागतो. लहान गटात प्रत्येकजण दुसऱ्याचा जामीनदार असतो, कागदावर सही न करता. पैसे भरून जमलेल्या गर्दीत हे नाते नसते. तिथे हातात फक्त पावती असते.

दोष सगळा आयोजकांचा, असेही नाही. त्यांचे गणित सरळ आहे. गाडीचे भाडे ठरलेले. जागा रिकाम्या राहिल्या की तोटा. त्यामुळे किती माणसे न्यायची हे डोंगर ठरवत नाही, बस ठरवते. नाशिक जिल्ह्यातल्या हरिहरचा कातळात कोरलेला जिना मात्र बसबरोबर रुंद होत नाही. चढणारे आणि उतरणारे तिथे समोरासमोर आले की पुढेही सरकता येत नाही आणि मागेही. आणि पाऊस वाढला म्हणून परत फिरायचे, तर चाळीसजणांच्या पैशांचा प्रश्न उभा राहतो. परत फिरण्याचा निर्णय असा महाग होतो. डोंगरात तोच स्वस्त असायला हवा.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आमच्या सहाजणांत एकही स्त्री नव्हती. आज ओळखीचा गट नसलेली मुलगी एकटीने नाव नोंदवून गडावर जाते, ही मोठीच गोष्ट आहे. पिठले-भाकरीवर पायथ्याच्या कित्येक घरांना चार पैसे मिळतात. जुलै २०२५मध्ये राजगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. ओघ वाढणारच. बंदी हा उपाय नव्हे.

राज्य शासनाने २०२१मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, आयोजकांना नोंदणीही सांगितली. ती हवीच. पण नोंदणीने आयोजक तपासला जातो. सोबतीला सोबती ओळखू लागत नाही. त्यासाठी चाळीसजणांचे सहा-सातांचे गट पाडावेत. पायथ्याशी अर्धा तास ओळखीत घालवावा. प्रत्येक गटाची शिदोरी एकत्र बांधावी, एक दुखावला तर सगळ्या गटाने थांबावे. याला खर्च नाही, अर्धा तास उशीर तेवढा आहे.

आणि घरच्यांनीही एक करावे. मुलगा-मुलगी निघाली की ‘कुणाबरोबर?’ एवढे विचारून आपण संस्थेच्या नावावर समाधान मानतो. ती परत आली की छायाचित्रे पाहण्याआधी विचारा, ‘तुमच्यात सगळ्यांत मागे कोण होते?’ नाव सांगता आले, तर पुढच्या खेपेला खुशाल पाठवा.