निशाण का वर गेले?

सामना रंगात आलेला असतो. आपला गडी चेंडू जाळ्यात धाडतो, जयघोष होतो, आणि तोच रेषेवरील पंचाचे निशाण वर गेलेले दिसते. ऑफसाइड! गोल रद्द होतो. मग त्या निशाणवाल्यास जे शब्द ऐकावे लागतात, ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. वाचकहो, त्यास बोल लावण्यापूर्वी तो काय पाहत होता, हे समजून घेऊ.

नियम असा : प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात गड्याचे डोके, धड वा पाय यांपैकी काहीही चेंडूपेक्षा, तसेच प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या गड्यापेक्षा, गोलरेषेस अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइड जागी आहे. हात मोजावयाचे नाहीत. शेवटचा गडी बहुधा गोलरक्षकच असतो. दोघे अगदी एका रेषेत असतील तर दोष नाही. ही मुभा १९९० पासूनची.

तथापि नुसते त्या जागी उभे राहणे हा अपराध नव्हे. गड्याने खेळात भाग घेतला, प्रतिपक्षास अडविले किंवा त्या जागेचा लाभ उठविला, तरच शिटी वाजते. गोलकिक, कॉर्नर व थ्रो-इन यांवरून थेट आलेल्या चेंडूस हा नियम लागत नाही.

आता भांडणाचे खरे मूळ. जागा पाहावयाची ती सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणीची. चेंडू हाती लागला त्या क्षणीची नव्हे. आपली दृष्टी चेंडूमागे धावते. ती गड्यावर स्थिरावेपर्यंत तो चार पावले पुढे गेलेला असतो, किंवा बचाव करणारा मागे आलेला असतो. निशाणवाला मात्र त्या शेवटून दुसऱ्या गड्याच्या रेषेतच राहून पाहत असतो. बाजूस तिरपे उभे राहून आपणांस ते दिसावे कसे?

१८६३ साली इंग्लंडात पहिले नियम झाले, तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला जवळजवळ प्रत्येक गडी खेळाबाहेर समजला जाई. १८६६ मध्ये पुढे तीन प्रतिस्पर्धी असले म्हणजे पुरे, असे ठरले. पुढे न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनसारखे बचावपटू ऐन वेळी पुढे सरकून समोरच्यांस ऑफसाइडच्या सापळ्यात पकडू लागले व खेळ कंटाळवाणा झाला. म्हणून १९२५ मध्ये तिनाचे दोन केले. १९२७-२८ च्या हंगामात एव्हर्टनच्या डिक्सी डीनने लीगमध्ये ६० गोल केले!

२०२२ च्या कतार विश्वचषकात हाच निर्णय देण्यास छताखाली १२ कॅमेरे आणि चेंडूच्या पोटात एक यंत्र बसविले होते. आपल्या गावच्या मैदानावरील निशाणवाल्याजवळ दोन डोळेच असतात. तो चुकेलही, पण पुढच्या सामन्यास त्याच्या मागे, त्याच्याच रेषेत, पाच मिनिटे उभे राहून पाहा. मग ओरडावेसे वाटले, तर खुशाल ओरडा.