घाबरायचेच तर वय विचारून

अणुवीज केंद्राचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते : हा कचरा हजारो वर्षे किरणोत्सारी राहतो. जैतापूरच्या वादात ते आपण पुष्कळ ऐकले. वाक्य खोटे नाही, पण ते कानावर पडताच मनात जो अर्थ उमटतो, म्हणजे जितकी जास्त वर्षे तितका पदार्थ जहाल, तो साफ उलटा आहे. किरणोत्साराला भ्यावे, जरूर भ्यावे. पण आपली भीती भलत्याच पत्त्यावर जाऊन पडते आणि जिथे खरोखर जपायला हवे तिथे आपण बिनघोर असतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

किरणोत्सारी पदार्थातला अणू मुळात अस्थिर असतो. आज ना उद्या तो मोडतो आणि मोडताना किरण बाहेर टाकतो. साठ्यातले निम्मे अणू मोडायला जो काळ लागतो ते त्याचे अर्धायुष्य. दोन भावांच्या वाट्याला सारखीच इस्टेट आली, असे धरा. एकाने ती दोन वर्षांत उडवली, दुसऱ्याने पै-पै मोजून खर्च केली आणि ती नातवंडांपर्यंत पुरली. बाजारात पैशाचा धुरळा कोणी उडवला, हे सांगायला नको. नैसर्गिक युरेनियम जवळजवळ सगळेच युरेनियम-238 या प्रकारचे असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे 450 कोटी वर्षे आहे, म्हणजे जवळपास पृथ्वीच्या वयाइतके. त्याच्या 1 ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे 12,400 अणू मोडतात. आकडा मोठा वाटेल, पण धडधाकट माणसाच्या शरीरातल्या पोटॅशियममध्येही दर सेकंदाला चारेक हजार अणू मोडतच असतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आता कोबाल्ट-60 पाहा. अर्धायुष्य सव्वापाच वर्षे, आणि 1 ग्रॅममध्ये सेकंदाला मोडणारे अणू सुमारे 42 लाख कोटी. आठ दिवसांचे अर्धायुष्य असलेले आयोडीन-131 तर त्याच्याही शंभरपट उधळे. तेव्हा ‘किती वर्षे टिकतो’ हा प्रश्न अपुरा आहे. आज, या क्षणी, माझ्याजवळ किती अणू मोडताहेत आणि ते शरीरात शिरणार आहेत का, हे विचारायला हवे.

हा हिशेब न कळल्याची किंमत देशाने एकदा मोजली आहे, आणि ती अणुभट्टीत नव्हे, भंगार बाजारात. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 असलेले एक जुने संशोधन उपकरण 1985 पासून वापराविना पडून होते. 2010 मध्ये ते लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगारवाल्यांकडे पोचले. शिशाला भाव असतो, म्हणून त्यांनी शिशाचे कवच फोडले. आतल्या धातूचा एक छोटा तुकडा एका व्यापाऱ्याने पाकिटात ठेवला. मागच्या खिशातल्या त्या पाकिटाने त्याची कातडी आतपर्यंत भाजली. काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एका कामगाराचा जीव गेला. पंचवीस वर्षांत त्या कोबाल्टची ताकद 1985 च्या तुलनेत चार टक्क्यांच्याही खाली आली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदार्थाची जात कळते. ब्राझीलमधल्या गोयानियात 1987 साली असेच झाले. बंद पडलेल्या दवाखान्यातले सीझियम-137 भंगारात गेले, रात्री चमकणारी ती निळी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली आणि चार जण दगावले. अणुवीज केंद्राभोवती कुंपण असते, पहारा असतो, विरोध करायला गावही जागे असते. कोबाल्ट मात्र आपल्यातच वावरतो : कर्करोगाच्या जुन्या उपचार यंत्रांत, कारखान्यांतल्या तपासणीच्या उपकरणांत, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून लासलगावात उभारलेल्या विकिरण केंद्रात. (कांदा त्याने किरणोत्सारी होत नाही, हे जाता जाता.) वापरात असेपर्यंत त्याची नीट निगा राहते. धोका सुरू होतो तो यंत्र मोडीत निघाल्यावर, जेव्हा ते काय आहे हे माहीत असलेला माणूस निवृत्त झालेला असतो.

मग भट्टीचा अपघात कमी भयंकर का, असे कोणी विचारील. नाही. पण तिथेही घात करते ते अल्पायुषीच. 1986 मध्ये चेर्नोबिलची भट्टी फुटली तेव्हा आयोडीन-131 वाऱ्याबरोबर पसरले, गवतावर बसले, गाईच्या पोटातून दुधात उतरले आणि मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठले. ही ग्रंथी आयोडीन ओढून घेते. ते साधे की किरणोत्सारी, हे तिला कळत नाही. पुढच्या वर्षांत युक्रेन, बेलारूस आणि रशियात लहानपणी ते दूध प्यालेल्या हजारो जणांना थायरॉइडचा कर्करोग झाला. बहुतेक जण उपचारांनी वाचले, पण तो टाळता आला असता, हे अधिक बोचते. शेजारच्या पोलंडने अपघातानंतर काही दिवसांतच सुमारे एक कोटी मुलांना साधे आयोडीन पाजून ग्रंथी आधीच भरून टाकली आणि ताज्या दुधाऐवजी दुधाची भुकटी दिली. सोव्हिएत सरकारने मात्र पहिले मोलाचे दिवस मौनात घालवले. आठ दिवसांनी निम्मे आणि तीन महिन्यांत जवळजवळ नाहीसे होणारे हे विष. सगळी लढाई पहिल्या आठवड्याची होती.

याउलट फुकुशिमात 2011 सालच्या अणुभट्टीच्या अपघातात भीतीनेच बळी घेतले. तिथल्या रहिवाशांच्या आरोग्यावर किरणोत्साराचा थेट दुष्परिणाम झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला आढळली नाही, पण घाईघाईचे स्थलांतर आणि त्यानंतरची परवड यांत दोन हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुसंख्य म्हातारेकोतारे. रुग्णालयातल्या अंथरुणाला खिळलेल्यांना बसमध्ये घालून तासन् तास फिरवणे, हे किरणांपेक्षा घातक ठरले.

दीर्घायुषी कचऱ्यावरचा आक्षेप यातून निकालात निघत नाही, हे मान्य करतो. प्लुटोनियम-239 चे अर्धायुष्य 24 हजार वर्षांचे. ते हातमोज्याआडून धरता येते, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली तर आतून पोखरते. सीझियम-137 चे अर्धायुष्य तीस वर्षांचे. ते हजारावा भाग उरेपर्यंत तीनशे वर्षे जातात. शनिवारवाड्याचा पाया 1730 साली घातला गेला आणि शंभरी भरायच्या आत, 1828 मध्ये, आतला वाडा जळून गेला, हे आठवले की तीनशे वर्षे एखादी वस्तू सांभाळणे म्हणजे काय, याचा अंदाज येतो. कचरा काचेत गोठवून ठेवण्याचे तंत्र आपल्याकडे तारापूर आणि तुर्भ्यात आहे. काच टिकेल, असा माझा भरवसा आहे. पहारा देणारे खाते तितके टिकेल का, ही शंका रास्त आहे. मात्र हीच कसोटी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रांतल्या राखेलाही लावावी. त्या राखेतल्या पाऱ्याला आणि आर्सेनिकला अर्धायुष्य नावाची गोष्टच नाही. दहा हजार वर्षांनीही ते तितकेच विषारी राहणार आहेत, आणि ती राख काचेत बंद नाही, उघड्यावर साठवलेली आहे.

उरतो विश्वासाचा मुद्दा. आकडे सांगणारे सरकारी, मग विश्वास कसा ठेवायचा? सरसकट ठेवू नये. पण अविश्वासालाही नेमके प्रश्न लागतात. ‘प्रकल्प सुरक्षित आहे का’ असे विचारले की ‘पूर्णपणे’ असे उत्तर येते आणि सभा संपते. त्याऐवजी असे विचारावे : आयोडीनच्या गोळ्या कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवल्या आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते? पहिल्या चोवीस तासांत दूध संकलन थांबवण्याचा अधिकार कोणाचा? अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना हलवायचे की दारे-खिडक्या लावून घरातच ठेवायचे, हे कोण ठरवणार? रोजची किरणोत्साराची मोजणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत का लिहिली जात नाही? यातल्या एकाचेही उत्तर ‘पूर्णपणे’ असे देता येत नाही.

आणि जिथे अणुवीज केंद्र नाही त्या गावांसाठी एक साधे काम. पिवळ्या रंगावर मधोमध ठिपका आणि भोवती तीन पाती, हे किरणोत्साराचे चिन्ह. नगरपालिकांनी ते मोठ्या अक्षरांतल्या मराठी सूचनेसह प्रत्येक भंगाराच्या दुकानात लावावे : असे चिन्ह असलेला जड डबा आला तर कापू नका, लांब व्हा, पोलिसांना कळवा.