ग्रामसभा गेली, विषयपत्रिका उरली

एखाद्या गावाला 'नगर' म्हणवून घेण्याचा मान मिळाला म्हणजे प्रारंभी त्याचे कौतुक होते. कचेरीवरची ग्रामपंचायतीची पाटी उतरते आणि नगरपंचायतीची चढते. सरपंचांच्या जागी नगराध्यक्ष येतात, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी. नागपूर-भंडारा महामार्गावर कन्हान नदीकाठी वसलेल्या मौद्याने हे स्थित्यंतर अनुभवले आहे. तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण राज्य शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले आणि त्या धोरणातून मौदा खेड्याच्या कायद्यातून निघून शहराच्या कायद्यात आला. या बदलात काय मिळाले, याची गणना पुष्कळदा होते. काय गेले, याचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडत नाही.

गेली ती ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ या कायद्यानुसार गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. पुढे १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने या सभेला घटनेतच स्थान दिले. वर्षातून किमान चार वेळा ती भरावी, असा दंडक आहे. ग्रामसभांचे वास्तव सर्वांना ठाऊक आहे, हे खरे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि उपस्थितीची वही घरोघर फिरून सह्यांनी भरते, अशा कथा विदर्भातील कोणत्याही गावात ऐकावयास मिळतात. परंतु जमाखर्च वाचून दाखवा, असे म्हणण्याचा अधिकार तेथे साध्या शेतमजुरालाही होता. तो बजावला जात नव्हता म्हणून त्याचे मोल शून्य ठरत नाही.

त्याच वर्षीच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, बाराव्या अनुसूचीत १८ विषय मांडून दिले. पण ग्रामसभेसारखी मतदारांची सभा शहरांसाठी योजिली नाही. प्रभाग समित्यांची तरतूद आहे, तीही तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती सक्तीची. म्हणजे नागपूरकराला प्रभाग समिती, शेजारच्या खेड्याला ग्रामसभा, आणि मधल्या मौदेकराला दोन्ही नाहीत! खेड्यातून शहराकडे संक्रमण करणाऱ्या प्रदेशासाठी घटनेने नगरपंचायत कल्पिली. त्या संक्रमणातील नागरिकाने बोलावे कोठे, हे सांगावयाचे राहून गेले.

आता उरली ती नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा. ती लोकांना तत्त्वतः खुली आहे. परंतु प्रेक्षकाने ऐकावे, बोलू नये. बोलतील ते १७ प्रभागांतून निवडून आलेले सदस्य. अशा कोणत्याही सभेची विषयपत्रिका हाती घ्यावी. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यानंतर नालीसफाईच्या निविदा, पथदिव्यांची देयके, पाणीपट्टीची थकबाकी, बाजाराचा ठेका. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. प्रत्येक ठरावाखाली सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर' ही अक्षरे. सारे इतके निरुपद्रवी दिसते की वाचणाऱ्याला झोप यावी. परंतु गावाचे भवितव्य ठरविणारे विषयही याच कंटाळवाण्या भाषेत येतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

विकास योजनेचेच उदाहरण घ्यावे. नगरपंचायत झाली की प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये ती नियोजन प्राधिकरण ठरते. योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करणे, हा विषयपत्रिकेवरचा एका ओळीचा विषय. त्या ओळीतून पुढे नकाशा निघतो. कोणाच्या शेतावरून रस्ता जाणार, कोणाच्या भूखंडावर क्रीडांगणाचे आरक्षण पडणार, कोणती जमीन अकृषिक होऊन सोन्याच्या भावाने विकली जाणार, ते त्यात ठरते. हरकतींसाठी मुदत असते. पण नोटीस वाचली नाही तर तीही निघून जाते. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही तर मालकाने नोटीस देऊन आरक्षणातून सुटका मागावी, अशी सोय आहे. दहा वर्षे हा काळ लहान शेतकऱ्याच्या आयुष्यात किती मोठा असतो, ते सांगावयास नको. मौद्यात तर या प्रश्नाला अधिकच धार आहे. परिसरात राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचा २,३२० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे, दारावरून महामार्ग जातो, आणि नागपूर दर वर्षी थोडे जवळ सरकते आहे. जमिनीवर डोळा असणाऱ्यांची येथे वाण पडणार नाही.

पैशाचे काय? घरपट्टी आणि पाणीपट्टी हे लहान गावाचे हुकमी उत्पन्न. ते वाढवावे तर मतदार रुष्ट होतो, न वाढवावे तर शासनाकडे हात पसरावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी अशा नगरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा आणि स्वच्छतेस बांधून ठेवली. लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध करणे आणि मालमत्ताकराचे किमान दर अधिसूचित होणे, या अटी निराळ्याच. अटी अयोग्य आहेत, असे नव्हे. परंतु मुख्याधिकारी शासनाचा, निधी शासनाचा, आणि ठराव बेकायदा वा लोकहितास बाधक वाटला तर तो स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा! सारे उत्तरदायित्व वरच्या दिशेने वाहते. खालच्या दिशेने वाहणारा एकच पाट होता, तो ग्रामसभेचा.

पाच वर्षांनी मतदार हिशेब घेतोच, असे यावर उत्तर दिले जाते. तेही सर्वस्वी खरे राहिले नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर राज्यातील असंख्य नगरसंस्थांच्या निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. प्रशासकाच्या राजवटीत सूचक तोच, अनुमोदक तोच, आणि सर्वानुमत तेही त्याचेच! न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे त्या वर्षीच्या ४ नोव्हेंबरला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला.

नगरपंचायतींच्या मतदारांना सभेचा अधिकार परत द्यावयाचा तर कायदा बदलावा लागेल, आणि तो मुंबईत बदलतो. तोवर जे हाती आहे ते थोडे असले तरी नाकारण्याजोगे नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. इतिवृत्ताची प्रत मागता येते, अंदाजपत्रकाची मागता येते, ठेक्याच्या करारनाम्याचीही. मौद्यासारख्या गावात शिक्षक आहेत, तहसील कचेरीतले कारकून आहेत, महाविद्यालयात जाणारी मुले आहेत. ठरावाची भाषा त्यांना वाचता येते आणि जमेच्या रकान्याखाली खर्च लपविला असेल तर तोही दिसतो. दर वर्षी आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी अंदाजपत्रकाची विशेष सभा भरते. त्या दिवशी सभागृहाच्या मागील भिंतीशी दहा-बारा माणसे नुसती बसून राहिली, तरी 'सर्वानुमते मंजूर' लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबेल.