चार तारे आणि गडचिरोलीचं जंगल: एअर चीफ मार्शल या हुद्द्याचा अर्थ

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. चार दशकांचं हे प्रकरण मिटत आलं असताना एक जुना प्रश्न विचारणारे आजही भेटतात. इतकी वर्षं कशाला घालवली? विमानं पाठवून जंगल साफ का नाही केलं?

या प्रश्नाचं उत्तर नागपुरात जन्मलेल्या एका माणसाने २०१० मध्येच दिलं होतं. त्यांचा हुद्दा होता एअर चीफ मार्शल.

आधी हा हुद्दा समजून घेऊ. मार्शल हा शब्द मुळात घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकरासाठी होता, आपल्याकडचा मोतद्दार म्हणा ना. युरोपच्या दरबारांत हाच मोतद्दार वाढत वाढत सेनापती झाला. ब्रिटनचं हवाई दल १९१८ मध्ये उभं राहिलं तेव्हा त्याला स्वतःचे हुद्देही नव्हते, लष्कराचेच वापरले जात. १ ऑगस्ट १९१९ पासून वेगळी नावं आली. भारताने तीच पुढे चालवली, पण आपला हवाई दलप्रमुख बरीच वर्षं एअर मार्शलच, म्हणजे तीन ताऱ्यांचा असे. १९६५ च्या युद्धानंतर, १९६६ मध्ये, अर्जन सिंग पहिले एअर चीफ मार्शल झाले. बाहीवर एक रुंद आणि तीन अरुंद पट्ट्या, गाडीवर चार तारे. लष्कराचा जनरल, नौदलाचा अॅडमिरल आणि हा, तिघे एकाच पायरीवर.

या पायरीवर पोहोचलेलं एक नाव आपल्या घराघरांत माहीत असायला हवं, पण फारसं घेतलं जात नाही: इद्रिस हसन लतीफ. हैदराबादचा हा तरुण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला. फाळणीच्या वेळी मुस्लिम अधिकाऱ्यांना पाकिस्तानच्या हवाई दलात जाण्याचा पर्याय होता. असगर खान आणि नूर खान हे त्यांचे सहकारी तिकडे गेले आणि पुढे तिथले हवाई दलप्रमुख झाले. लतीफ इथेच राहिले. १९७८ मध्ये त्यांनी हृषीकेश मुळगावकर या मुंबईकर दलप्रमुखाकडून सूत्रं घेतली, आणि जग्वार विमानं त्यांच्याच काळात दाखल झाली.

निवृत्तीनंतर, मार्च १९८२ मध्ये, ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा जन्माला आला. म्हणजे या जिल्ह्याच्या जन्मवेळी राजभवनात एक माजी एअर चीफ मार्शल होते. नक्षली दलमं १९८० च्या सुमारासच नदी ओलांडून या भागात शिरली होती. आणि गंमत बघा, पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांबद्दल राष्ट्रपतींना अहवाल देण्याची घटनात्मक जबाबदारी राज्यपालांवर असते. ज्या हाताखाली लढाऊ विमानं होती, त्याच हातात आता जमीन, जंगल आणि कारभार यांची कागदपत्रं आली.

आता नागपूरच्या माणसाकडे येऊ. प्रदीप वसंत नाईक मे २००९ च्या अखेरीस हवाई दलप्रमुख झाले. गडचिरोलीसाठी ते वर्ष फार वाईट होतं. फेब्रुवारीत मरकेगावला १५, मे महिन्यात हत्तीगोटाला १६, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. हवाई दलालाही झळ बसलेली होती. नोव्हेंबर २००८ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमध्ये निवडणूक कर्मचाऱ्यांना आणायला गेलेल्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला आणि फ्लाइट इंजिनिअर सार्जंट मुस्तफा अली शहीद झाले. त्यानंतर दलाने सरकारकडे परवानगी मागितली, ती फक्त स्वसंरक्षणासाठी गोळी झाडण्याची.

एप्रिल २०१० मध्ये दंतेवाड्यात ७६ जवान गेले. देश संतापला होता, हवाई हल्ल्याची भाषा सुरू झाली होती. त्याच वेळी नाईक यांनी जाहीरपणे सांगितलं की आमची शस्त्रं सीमेपलीकडच्या शत्रूसाठी आहेत, बेताने मारण्यासाठी ती बनलेलीच नाहीत, त्यामुळे नक्षल प्रश्नात हवाई दल वापरायला मी अनुकूल नाही. पाचशे किलोचा बॉम्ब दलम आणि गोंड पाडा यांत फरक करत नाही, हे बॉम्ब ज्याच्या ताब्यात आहेत त्यानेच सांगणं महत्त्वाचं होतं. निर्णय शेवटी निवडून आलेल्या सरकारचाच. पण चार ताऱ्यांच्या अधिकाऱ्याचं खरं वजन असल्या वेळी कळतं. जल्लोषात हो म्हणणारे खूप असतात, नाही म्हणणाऱ्याला हुद्द्याची जागा लागते.

गडचिरोलीत मग काम पायीच झालं. १९९० मध्ये स्थानिक तरुणांतून उभं केलेलं सी-६० पथक आणि सीआरपीएफ. हेलिकॉप्टरं आली ती जखमींना उचलायला, मतदान पथकं पोहोचवायला. वेळ लागला आणि जीवही गेले. पण इथली गावं आपल्याच विमानांना घाबरत मोठी झाली नाहीत. भूपतीसारखा माणूस बोलणी करून बाहेर येऊ शकला, त्यामागे हेही एक कारण आहे, असं मला वाटतं.

नाईक साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकले. त्यांच्या काळी विदर्भातल्या मुलाला त्यासाठी साताऱ्यापर्यंत जावं लागायचं. २०१९ पासून चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर सैनिक शाळा आहे. सहावीसाठी वय दहा ते बारा, मुलींनाही प्रवेश, आणि सहावीची प्रवेश परीक्षा इंग्रजीबरोबर मराठीत आणि उर्दूतही देता येते. घरात पाचवीतलं लेकरू असेल तर यंदाच्या अर्जाची तारीख बघून ठेवा.